‘सेन्सर गेला असन’ : जुन्या पिकअपच्या मालकांसाठी प्राथमिक मार्गदर्शक

हे मार्गदर्शक कोणासाठी आहे

एमएच-३७, म्हणजे वाशीमच्या पाटीची जुनी पिकअप बाळगणाऱ्या आणि इंजिनाशी आजवर फक्त डिझेल टाकण्यापुरताच संबंध आलेल्या सर्व सज्जनांसाठी. गाडी तिसऱ्या मालकाकडून तुमच्याकडे आलेली असावी. दिवाळीच्या आगेमागे ती सोयाबीनचे कट्टे वाहते, लग्नसराईत मंडपाचे बांबू वाहते आणि रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत दुकानदारांचा माल पोचवते. अशी ही बारमाही नोकरी करणारी गाडी एके दिवशी अकोल्याहून परतताना पातूरचा घाट चढते आणि मेडशीच्या अलीकडे अचानक गप्प होते. सेल्फ मारला की इंजिन गरगर फिरतं, पण उठत नाही. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा तेवढा लागलेला असतो.

हे मार्गदर्शक वाचून तुम्ही मेकॅनिक होणार नाही. मेकॅनिक बोलत असताना मान कुठे डोलवायची आणि कुठे डोलवायची नाही, एवढं मात्र कळेल. निम्मी बचत तिथेच होते.

साहित्य

१. जुनी पिकअप, एक. शक्यतो बंद पडलेली. चालू गाडीवर हे प्रयोग केल्यास तीही या मार्गदर्शकास पात्र ठरते.

२. मल्टीमीटर. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारं साधं डिजिटल मीटर पुरतं.

३. मोबाइलला ब्लूटूथने जोडायचा ओबीडी अडॅप्टर. नसेल तर स्कॅनरवाल्या गॅरेजचा फोन नंबर.

४. दहाचा पाना, टॉर्च, पाण्याची बाटली आणि एक सुती फडकं.

५. वही आणि पेन. ‘लक्षात राहील माझ्या’ म्हणणाऱ्यांनी दोन वह्या आणाव्यात.

६. खर्चाची मर्यादा. ती रुपयांत न ठरवता सोयाबीनमध्ये ठरवावी. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, बाजारात काय मिळतं ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत. मागे भरलेल्या कट्ट्यांपैकी किती कट्टे निव्वळ अंदाजावर उडवायचे, तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आमची शिफारस : शून्य.

पायरी १ : गाडीला सेन्सर आहे का, ते पाहा

ही पायरी गाळण्याची प्रथा आहे. ती पाळू नका.

जुन्या डिझेल पिकअपचे दोन वंश आहेत. एका वंशात यांत्रिक पंप असतो. पंपातून निघालेल्या चार बारीक नळ्या थेट चार इंजेक्टरना जातात आणि डिझेल कधी उडवायचं हे पंपाचे दातेच ठरवतात. अशा गाडीत क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे सांगणारा) गेल्यामुळे इंजिन बंद पडलं, असं होत नाही. इंजिन त्याला विचारतच नाही. तरीही अशा गाडीखाली पाठ टेकून क्रँक सेन्सर शोधणारे लोक आढळतात. त्यांना शोधू द्यावं.

दुसरा वंश कॉमन रेलचा. यात सगळं डिझेल आधी एका जाड दांडीसारख्या नळीत प्रचंड दाबाखाली साठतं, आणि प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर विजेचा कपलर असतो. २,५२३ सीसीचं एमटूडीआयसीआर इंजिन असलेली बोलेरो पिकअप या वंशातली. इथे डिझेल कधी आणि किती उडवायचं, ते ईसीएम म्हणजे गाडीतला संगणक ठरवतो. त्याला इंजिनाच्या आतलं काहीच दिसत नाही. त्याचे डोळे म्हणजे सेन्सर.

तुमची गाडी कोणत्या वंशातली, याचा अंदाज आरसी बुकावरून येतो. सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१७ रोजी आदेश दिला आणि १ एप्रिलपासून बीएस-३ या जुन्या प्रदूषण-मानकाच्या गाड्यांची विक्री देशभर थांबली. त्यामुळे त्यानंतर कंपनीतून निघालेली डिझेल पिकअप बहुधा कॉमन रेलचीच सापडते. त्याआधीच्या गाडीत दोन्ही शक्यता असतात. खात्री बॉनेट उघडूनच होते : इंजेक्टरच्या डोक्यावर कपलर दिसला तर पुढे वाचा. दिसला नाही तर डिझेल फिल्टर, एअर आणि पंपाकडे वळा. हे मार्गदर्शक तुमच्या काकांना भेट द्या.

पायरी २ : सल्लागार मंडळाची स्थापना

बॉनेट वर झालं की मंडळ आपोआप स्थापन होतं. त्यासाठी जाहिरात लागत नाही. पहिली बैठक साधारण अशी होते :

“काय झालं भाऊ?”

“बंद पडली न बाप्पा.”

“डिझेल हाये न?”

“हाये न. कालच टाकलं.”

“मंग सेन्सर गेला असन.”

“कोणता?”

“आता कोणता म्हंजे… सेन्सर!”

मंडळात तीन पक्ष असतात : डिझेलवाले, बॅटरीवाले आणि सेन्सरवाले. कोणालाही नाराज करू नका, प्रत्येकाला काम द्या. डिझेलवाल्याला फिल्टरवरचा हातपंप दाबायला लावा आणि फिल्टरच्या तळाचं पाणी काढायला सांगा; कॉमन रेलमध्ये एअर शिरली तर इंजिन असंच नुसतं फिरत राहतं, तेव्हा त्याचा संशय रास्त आहे. बॅटरीवाल्याच्या हाती मीटर द्या. सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेज दहाच्या खाली घसरतोय का, एवढंच त्याने मोठ्याने वाचावं. मरतुकड्या बॅटरीवर इंजिन इतकं हळू फिरतं की सेन्सर धडधाकट असूनही त्याचा आवाज ईसीएमपर्यंत पोचत नाही.

सेन्सरवाल्याला मात्र चहा आणायला पाठवा. तो थांबला तर कपलर ओढेल, आणि ओढताना लॉक मोडेल.

पायरी ३ : काटा पाहा

आता फुकटची आणि सर्वांत उपयोगी चाचणी. सेल्फ मारताना रस्त्याकडे, इंजिनाकडे किंवा आकाशाकडे न पाहता आरपीएमच्या काट्याकडे पाहा.

इंजिन फिरतंय आणि काटा शून्यावरून जराही हलत नाही, तर इंजिन फिरतंय ही बातमीच ईसीएमला मिळालेली नाही. संशय क्रँक सेन्सरवर, त्याच्या वायरवर किंवा तो ज्या दात्यांकडे पाहतो त्या चक्रावर. काटा किंचित उचलून दोनशेच्या आसपास थरथरला, तर क्रँक सेन्सर बोलतोय. मग डिझेलवाल्यांना बहुमत द्यायला हरकत नाही. काही गाड्यांचा काटा इतक्या कमी वेगाला हलतच नाही, काही पिकअपना काटाच नसतो. त्यांनी हाच आकडा स्कॅनरच्या लाइव्ह डेटामध्ये पाहावा.

त्याच वेळी वहीत लिहा : गाडी थंड असताना बंद पडली की गरम असताना? अर्धा-पाऊण तास उभी राहिल्यावर आपोआप उठते का? घाट चढून तापल्यावर मरणारी आणि मंडळ पांगल्यावर मुकाट्याने चालू होणारी गाडी हे क्रँक सेन्सरचं जुनं लक्षण आहे. सेन्सरच्या पोटात केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. ती आत कुठे तुटली असेल तर थंडपणी दोन टोकं एकमेकांना टेकलेली असतात, उष्णतेने प्लास्टिक फुगलं की सुटतात, आणि निवल्यावर परत टेकतात. गॅरेजला पोचेपर्यंत गाडी बरी होते आणि तुम्ही खोटे ठरता.

यावर रस्त्यावरचा उपाय असा : किल्ली काढा, सुती फडकं ओलं करा, सेन्सरच्या अंगावर ठेवा, थोडं थांबा, फडकं बाजूला करा आणि मगच सेल्फ मारा. लगेच उठली तर संशय पक्का. फडकं बाजूला करायला विसरलात तर पंखा ते स्वतःच करेल.

पायरी ४ : कोड वाचा

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यापाशी सोळा पिनांचा एक सॉकेट असतो. त्यात अडॅप्टर खोचा, किल्ली ऑन करा, मोबाइलवर ॲप उघडा. पडद्यावर पी०३३५ असं काहीतरी येईल. या क्षणी बरेच जण मोबाइल खिशात टाकून सेन्सर आणायला निघतात. त्यांना बसस्टँडवरून परत बोलवा.

हा आकडा कुठून आला, ते आधी समजून घ्या. लॉस एंजेलिसच्या धुरकट हवेला वैतागून कॅलिफोर्निया राज्याने १९८८ पासून गाड्यांना स्वतःच्या प्रदूषण-यंत्रणेवर नजर ठेवणारी सोय सक्तीची केली. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीला एकच सॉकेट आणि एकच कोडभाषा लागू झाली. तीच भाषा फिरत फिरत आपल्या बॉनेटखाली आली. ‘पी’ म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचं खातं. पुढचं ‘०’ म्हणजे सर्व कंपन्यांना समान कोड. तिथे ‘१’ असेल तर तो कंपनीचा खासगी. त्यापुढचा ‘३’ म्हणजे ठिणगी आणि मिसफायर विभाग. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो, तरी आपल्या क्रँक सेन्सरची नोंद त्याच विभागात होते. सरकारी कामाचा अनुभव असलेल्यांना याचं नवल वाटणार नाही.

आता या मार्गदर्शकातलं एकमेव तत्त्वज्ञान : कोड म्हणजे फिर्याद. निकाल नव्हे. ईसीएमने पोलीस ठाण्यात जाऊन सांगितलं, “मला क्रँक सेन्सरकडून संदेश येत नाही.” संदेश पाठवणारा मेला, वाटेत तार तुटली, की ज्याच्याबद्दल संदेश पाठवायचा ते चक्रच जागेवर नाही, हे फिर्यादीत लिहिलेलं नसतं. तपास तुम्ही करायचा आहे. आपल्याकडे मात्र फिर्यादीत ज्याचं नाव, त्यालाच थेट फाशी देण्याचा रिवाज आहे. म्हणून पुष्कळ गॅरेजांच्या कोपऱ्यात निर्दोष सेन्सरांचा ढीग सापडतो.

कोड वहीत लिहा, मग ॲपमधून उडवा आणि गाडी पुन्हा चालवून पाहा. जो लगेच परत येतो तो चालू तंटा. जो येत नाही तो कदाचित मागच्या मालकाच्या काळातला जुना हिशेब. कोड न लिहिताच बॅटरीचं टर्मिनल काढणारे लोक फिर्यादीची वही जाळतात. गुन्हा जागेवरच राहतो.

पायरी ५ : फिर्यादी ओळखा

आधी दोन मिनिटांचा शाळेचा तास. क्रँकशाफ्टला एक दातेरी चक्र असतं. पुष्कळ इंजिनांत त्यावर साठ दात्यांची जागा असते, पण दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात. दर सहा अंशांना एक दाता, आणि फेरीत एकदा मोठं खिंडार. खिंडार आलं की ईसीएमला फेरी कुठून मोजायची ते कळतं. गाडी उभी राहून आठशे आरपीएमवर पुटपुटत असते, तेव्हा सेन्सरसमोरून सेकंदाला पावणेआठशेच्या आसपास दाते जातात. मंडळाचं एक वाक्य पूर्ण होईस्तोवर सेन्सरची हजारो वाक्यं झालेली असतात.

पण एक अडचण उरते. फोर-स्ट्रोक इंजिनात एका आवर्तनात क्रँक दोनदा फिरतो. म्हणजे पहिल्या सिलिंडरचा पिस्टन दोनदा वर येतो : एकदा हवा दाबत, एकदा धूर बाहेर ढकलत. डिझेल उडवायचं ते पहिल्या वेळी. क्रँक सेन्सरला या दोन्ही वेळा सारख्याच दिसतात. कॅमशाफ्ट मात्र क्रँकच्या निम्म्या वेगाने, आवर्तनात एकदाच फिरतो. त्याच्यापाशी बसलेला कॅम सेन्सर सांगतो की ही वेळ कोणती. दोघांची साक्ष जुळली की ईसीएम डिझेल सोडतो.

त्यानुसार नेहमीच्या फिर्यादी अशा :

*पी०३३५* – क्रँक सेन्सरचा संदेशच नाही. सेन्सर, वायर, कपलर किंवा अर्थिंग.

*पी०३३६* – संदेश येतो, पण वेडावाकडा. दाता तुटलेला, चक्र हललेलं, सेन्सरच्या तोंडाला लोखंडाचा कीस चिकटलेला, किंवा वायरच्या वेष्टणातून शिरलेला विजेचा गोंगाट.

*पी०३४०* – कॅम सेन्सरचा संदेश नाही. सुरू असलेली गाडी पुष्कळदा तशीच चालत राहते, पण बंद केल्यावर उठायला फार वेळ घेते किंवा उठतच नाही. अशा गाडीचा मालक चहाच्या टपरीवरही इंजिन बंद करत नाही, यावरून तो ओळखू येतो.

*पी००१६* – दोघेही बोलतात, पण एकमेकांशी जुळत नाहीत. हा सर्वांत महागडा कोड. त्यासाठी पुढे वेगळी पायरी राखून ठेवली आहे.

पायरी ६ : आधी वायर, मग बाकी जग

किल्ली काढा. क्रँक सेन्सर बहुधा खाली असतो, फ्लायव्हीलच्या घराजवळ किंवा पुढच्या पुलीपाशी. कॅम सेन्सर वर. टॉर्च लावा आणि सेन्सरपासून निघालेल्या वायरवर बोट ठेवून ईसीएमच्या दिशेने चालत जा. बोट उचलायचं नाही. डोळ्यांनी पाहणाऱ्याला काळी टेप दिसते. बोटाला तिच्याखालची गाठ लागते.

टेप उकला. आत कोणीतरी कधीकाळी दोन तारा नुसत्या पिळून जोडलेल्या असतात. पाऊस, धूळ आणि इंजिनाची वाफ यांनी तांबं हिरवट-काळं पडलेलं असतं, आणि एक तार वरून अखंड दिसत असली तरी चिमटीत धरून हलकेच ओढली की रबरासारखी लांबते. आतलं तांबं तुटलंय, वरचं वेष्टण तेवढं शिल्लक आहे. इथे तुमचा तपास संपू शकतो. खर्च : सोल्डर, स्लीव्ह आणि थोडी लाज.

वेष्टणावर बारीक, समांतर दातांचे ओरखडे दिसले तर आरोपी चार पायांचा आहे. सोयाबीन निघाल्यावर ज्या गोठ्याशेजारी किंवा गोदामाच्या आडोशाला गाडी उभी राहते, तिथे उंदरांना दाणे, ऊब आणि वायर असं पूर्ण जेवण मिळतं.

आता कपलर. लॉक दाबून काढा, ओढून नाही. पिना पाहा : हिरवा थर, पाणी, आत ढकलली गेलेली पिन. वॉशिंग सेंटरवर प्रेशरने इंजिन धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी बिघडली असेल तर कपलर सुकवा आणि पुढच्या वेळी इंजिन धुण्याचा उत्साह आवरा. शेवटी, गाडी चालू स्थितीत असेल तर कोणाला तरी वायर हळूच हलवायला सांगा. हलवताना इंजिनाने उचकी दिली की गुन्हेगार जागीच सापडला. मात्र हात, बाही आणि गमछा पंखा-पट्ट्यापासून दूर ठेवा. गळ्यात गमछा घालून चालू इंजिनावर वाकणाऱ्याला या मार्गदर्शकाचा लाभ फार काळ घेता येत नाही.

पायरी ७ : मीटर लावा

सेन्सरला किती तारा आहेत ते मोजा.

दोन तारा असतील तर तो बहुधा चुंबक आणि गुंडाळीचा सेन्सर. त्याला बाहेरून वीज लागत नाही. दाता समोरून गेला की तो स्वतःच थोडी वीज निर्माण करतो. कपलर काढून दोन पिनांमध्ये ओहम मोजा. अशा सेन्सरांत आठशे-नऊशे ओहमचं माप पुष्कळदा भेटतं, पण तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहा. मीटरने अनंत दाखवलं तर गुंडाळी तुटली; शून्याजवळ दाखवलं तर आतल्या आत चिकटली. गरम सेन्सरचा आकडा वाढलेला दिसला म्हणून आनंदाने ओरडू नका. तांबं तापलं की त्याचा अवरोध वाढतोच : वीस अंशांना ८६० ओहम दाखवणारी गुंडाळी शंभर अंशांना अकराशेच्या वर दाखवते, आणि तरीही ती निर्दोष असते. मग मीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि सेल्फ मारा. आकडा हलला तर सेन्सर जिवंत आहे.

तीन तारा असतील तर तो बहुधा हॉल सेन्सर. याला ओहम लावू नका, टेस्ट लॅम्प तर मुळीच नाही. आत इलेक्ट्रॉनिक्स असतं आणि ते तुमच्या उत्साहाने मरू शकतं. किल्ली ऑन करून वायरिंगच्या बाजूला मोजा : एका तारेवर वीज हवी (बहुधा पाच व्होल्ट, काही गाड्यांत बारा), एक तार पक्की अर्थ हवी, तिसरी संदेशाची. वीजच पोचत नसेल तर नवा सेन्सरही गप्पच बसेल, आणि दुकानदार म्हणेल, “हाही गेला असन.”

पायरी ८ : सेन्सर बाहेर काढा

दहाचा पाना. एक बोल्ट. तो निघतो. सेन्सर निघत नाही. वर्षानुवर्षांच्या तेल-धुळीने तो भोकात बसलेला असतो. स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटल्यास वरची टोपी हातात येते आणि दांडा आत राहतो. थोडं तेल सोडा, डावी-उजवी अर्धी अर्धी फेरी देत सैल करा.

बाहेर आलेल्या सेन्सरचं तोंड पाहा. चुंबकाला लोखंडाच्या बारीक किसाची दाढी आलेली असेल तर तिने दाता आणि खिंडार यांतला फरक पुसून टाकलेला असतो. फडक्याने पुसा. कीस कुठून आला हा प्रश्नही वहीत लिहा. फ्लायव्हीलच्या रिंगचे दाते सेल्फशी भांडत असतील. रिकाम्या भोकातून टॉर्च मारा, इंजिन हाताने फिरवायला सांगा आणि एकेक दाता समोरून जाताना पाहा. बसवताना सेन्सर पूर्ण टेकू द्या. त्याच्यात आणि दात्यात सहसा मिलिमीटरभराचंच अंतर अपेक्षित असतं. खाली वॉशर घालून ‘ॲडजस्ट’ करणाऱ्या कारागिराला नमस्कार करा आणि पाना परत घ्या.

पायरी ९ : खरेदी

इथपर्यंत येऊन सेन्सर दोषी ठरला असेल तरच विकत घ्या. जुना सोबत न्या, त्यावरचा पार्ट नंबर दाखवा. ‘पिकअपचा सेन्सर द्या’ एवढंच म्हणाल तर वाशीमच्या अकोला नाक्यापासून पुसद नाक्यापर्यंत प्रत्येक दुकान तुम्हाला वेगळी वस्तू देईल आणि सगळ्या पिकअपच्याच असतील. दोन्ही सेन्सर एकत्र ठेवून लांबी, तोंड आणि कपलर ताडून पाहा.

ऑनलाइन मागवणाऱ्यांना खास स्थानिक सूचना : पत्त्यात ‘मालेगाव’ एवढंच लिहिल्यास पार्सल नाशिक जिल्ह्याची सहल करून येतं. ‘कारंजा’ लिहिल्यास ते वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा (घाडगे) येथे मुक्काम करतं. मालेगाव, जिल्हा वाशीम. कारंजा (लाड), जिल्हा वाशीम. पिनकोडसकट. सेन्सर गाडीला वेळ सांगतो, पार्सलला नाही.

पायरी १० : पी००१६, किंवा हात जोडण्याची पायरी

हा कोड आला की दोन्ही सेन्सर बदलण्याची टूम निघते. थांबा. इथे दोन्ही साक्षीदार बोलत आहेत, फक्त त्यांच्या जबान्या जुळत नाहीत. अशा वेळी साक्षीदार बदलण्याआधी घटनास्थळ पाहावं : टायमिंगची चेन सैल झाली, टेन्शनर दमला, पट्टा एखाद्या दात्याने सरकला किंवा चक्र शाफ्टवर हललं.

मागच्या मालकाला एकच प्रश्न विचारा : “एवढ्यात इंजिनाचं काही काम केलं होतं?” उत्तर येईल, “नाही, काहीच नाही.” पुन्हा विचारा. “हेड उघडलं होतं, पण ते दिवाळीत.” तिसऱ्यांदा विचारल्यावर चेन, क्लच आणि फ्लायव्हीलही बाहेर येतं. खुणा जुळवून बसवल्या नसतील तर दोष इथेच आहे. याची तपासणी इंजिन उघडून, खुणा पाहूनच होते; रस्त्याच्या कडेला होत नाही. चेन सरकलेली असण्याची शंका असेल तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची भेट झाली तर खर्चाची ती मर्यादा आठवेल. गाडी टोचन करून न्या. समृद्धी महामार्गावर असाल तर शेलूबाजार किंवा कारंजाच्या इंटरचेंजपर्यंत ‘कशीतरी’ ओढण्याचा पराक्रमही करू नका. कडेला घ्या, इंडिकेटर लावा, माणसं रेलिंगपलीकडे उभी करा आणि हेल्पलाइनला फोन करा.

नेहमीचे प्रश्न

*सेन्सर धुऊन चालतो का?*
तोंड पुसून चालतं. रॉकेलच्या डब्यात रात्रभर भिजत घालून चालत नाही.

*मेकॅनिक म्हणतो ईसीएम गेला.*
सेन्सरपासून ईसीएमपर्यंतची प्रत्येक तार, फ्यूज आणि इंजिनाची अर्थिंग पट्टी तपासली का, ते विचारा. ईसीएम जातो, पण तो सगळ्यांत शेवटी जातो. आपल्याकडे तो दुसऱ्या क्रमांकावर पाठवला जातो.

*कोड एकच आहे, पण दोन गॅरेजांनी दोन कारणं सांगितली.*
दोघांना विचारा, काय मोजलं? ज्याच्याकडे आकडा असेल त्याच्याकडे गाडी ठेवा. दोघांकडेही नसेल तर वही तुमच्याकडे आहेच.

*अडॅप्टर लावून ठेवूनच गाडी चालवली तर?*
चालते. पण गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर काढून ठेवा, तो बॅटरी खातो. मग मंडळातले बॅटरीवाले बरोबर ठरतात आणि त्यांना पुढची दहा वर्षं आवरता येत नाही.

*इंजिनाचा दिवा फार त्रास देतो. काढून टाकू का?*
बल्ब काढणारे तुमच्याआधी होऊन गेले. म्हणून जुनी पिकअप घ्यायला जाल तेव्हा टायर आणि रंग नंतर पाहा. किल्ली ऑन करा, सेल्फ मारू नका, आणि डॅशबोर्डकडे पाहा. इंजिनाचा दिवा लागला पाहिजे. गाडी सुरू झाल्यावर विझला पाहिजे. आधी लागलाच नाही, तर विकणाऱ्याने बिघाड दुरुस्त केलेला नाही, फिर्याद घेणाऱ्या शिपायाला घरी बसवलंय. तेव्हा अडॅप्टर खिशातून काढा, सॉकेटमध्ये लावा आणि त्यानंतरच भावाचं बोला.